अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवल्यानंतर पोलिसांकडून कोणती माहिती मागायची?

गुन्हा नोंदवून घ्यायला आपण ठाण्यासमोर ठिय्या देतो. एफआयआर झाली की घरी परततो. पुढचे काही महिने पीडित कुटुंबाला "तपास सुरू आहे" एवढेच ऐकायला मिळते आणि आरोपीला जामीन झाल्याचे तो गावात फिरताना दिसल्यावर कळते. केस खरी सैल होते ती या काळात.

ही माहिती देणे ही पोलिसांची मेहेरबानी नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात (1989) 26 जानेवारी 2016 पासून कलम 15अ लागू आहे. एफआयआरची प्रत लगेच आणि मोफत मिळाली पाहिजे, जामिनासह प्रत्येक सुनावणीची सूचना वेळेवर आली पाहिजे, आणि पीडिताला न्यायालयात म्हणणे मांडता आले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली हरिराम भांभी प्रकरणात हे बंधनकारक ठरवले आणि पीडित पक्षाला सूचना न देता मिळालेला जामीन रद्द केला. वकिलाला हा निकाल जरूर दाखवा.

तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने, म्हणजे बहुधा आपल्या भागाच्या एसडीपीओनेच करायचा असतो. दोषारोपपत्र 60 दिवसांत जायला हवे. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 नुसार तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवावी लागते.

आणि नाही कळवली तर? कर्तव्यात कसूर करणाऱ्या बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकसेवकाला कलम 4 खाली सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. मात्र अडचण अशी की, त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, आणि खाते आपल्याच माणसाविरुद्ध शिफारस सहसा आपणहून करत नाही. खैरलांजीत (29 सप्टेंबर 2006) भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाल्यावर पोलीस निलंबित झाले, पण 2008 च्या निकालात अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागूच झाला नाही.

म्हणून जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीकडे लक्ष हवे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, पोलीस अधीक्षक सदस्य. समाजातील अशासकीय सदस्यही असतात. नियम 17 प्रमाणे तीन महिन्यांतून किमान एक बैठक व्हायला हवी. प्रलंबित तपास, रखडलेली मदत, अधिकाऱ्यांची भूमिका, सगळे तिथे विचारता येते. यवतमाळच्या समितीवर आज आपले कोण आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

बैठकांची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. दुसरे अपील अमरावती खंडपीठाकडे जाते. "तपास चालू आहे" म्हणून माहिती नाकारली, तर त्या माहितीने तपासात नेमका अडथळा कसा येतो हे अधिकाऱ्याने दाखवावे लागते. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक घ्या. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मात्र एफआयआरचा फोटो ग्रुपवर टाकू नका. पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.