वजन आणि वस्तुमान

हे दोन शब्द विद्यार्थी बहुधा एकाच अर्थाने वापरतात. त्यांतील भेद सतराव्या शतकापर्यंत विद्वानांनाही स्पष्ट नव्हता. १६७२ साली झां रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद विषुववृत्तानजीकच्या कायेन बेटावर गेला. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारा लंबक तेथे दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागला; तो जवळजवळ तीन मिलिमीटर आखूड करावा लागला. उन्हाने दांडी लांबली असेल, अशी शंका निघाली. पण तेवढ्याने हिशेब जुळेना. १६८७ साली न्यूटनने उलगडा केला. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे व तिच्या भ्रमणाचा परिणामही तेथेच सर्वाधिक, म्हणून वजन घटते. लंबकातील द्रव्य, म्हणजेच वस्तुमान, मात्र तेवढेच राहते. वाण्याच्या तराजूला ही घट कळणार नाही, कारण पारड्यातली मापेही तितकीच हलकी होतात; स्प्रिंगच्या काट्याला ती कळते.