फडकं, पावडर आणि जार

प्यायच्या पाण्याचं काय करायचं हे घरात नक्की कोण ठरवतं? गाळायचं, उकळायचं, तुरटी फिरवायची की सरळ माठात ओतायचं? धरणांचा इतिहास सापडतो, नळ योजनांचा सापडतो, पण हंड्यापासून पेल्यापर्यंतच्या शेवटच्या पाच फुटांचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचे लॉग जपून ठेवलेत, क्लायंटच्या बाजूचे कुणी ठेवलेच नाहीत. म्हणून म्हटलं, या वीकांताला आपणच थोडं खोदून बघू.

आमचं गाव शहादा. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, तोवर आम्ही धुळे जिल्ह्यात. गावाला गोमाई नदी, ती पुढे प्रकाशाला तापीला मिळते. आजी सांगते, पावसाळ्यात पाणी लाल-गढूळ यायचं. मग तुरटीचा खडा फिरवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यातून माठात. उकळलेलं पाणी फक्त आजाऱ्याला आणि बाळंतिणीला. हिशोब सरळ आहे. उकळायला जळण लागतं, जळण आणायला बाई लागते, आणि एवढं करून पाणी बेचव! फडकं फुकट.

आता हे फडकं म्हणजे नुसता भाबडेपणा असं वाटत असेल तर जरा थांबा. नारू आठवतो का? म्हणजे आपल्याला नाही, आपल्या आजी-आजोबांना. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवातून नारूची अळी पोटात जायची आणि साधारण वर्षभराने हातभर लांब जंत पायातून बाहेर यायचा. औषध नाही, लस नाही. १९८४ च्या सुमारास देशात असे जवळपास ४० हजार रुग्ण होते, आणि महाराष्ट्रही त्या यादीत होता. मग पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, हातपंप बसवणं, पाण्यात औषध टाकून सायक्लॉप्स मारणं आणि घरोघरी 'पाणी गाळून प्या' सांगणं हे सगळं एकदम झालं. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूरकडे सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. फडक्याचा त्यात मोठा वाटा!

पुढची गंमत २००३ सालची. रीटा कॉलवेल या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या ६५ खेड्यांमधला प्रयोग प्रसिद्ध केला. जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या घालून पाणी गाळलं तर पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने कमी झाले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, ते जीव फडक्यात अडकतात. साडी जुनीच हवी बरं का, कारण धुवून धुवून तिचे धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. मात्र नळाला बांधलेलं, महिनोन् महिने न धुतलेलं एकपदरी फडकं या हिशोबात बसत नाही. आणि कितीही घड्या घातल्या तरी काविळीचा विषाणू आरपार जातोच.

तिथे लागते पावडर. म्हणजे टीसीएल, ट्रॉपिकल क्लोराईड ऑफ लाईम, उष्ण हवेत लवकर न विटणारी ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीच्या टाकीत हीच पडते, आणि ओटी टेस्ट करताना पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे असं समजायचं. पण घरात प्रतिक्रिया काय? "आज पाण्याला पावडरचा वास येतोय, पिऊ नका." मग लोक चाललेच पलीकडच्या विहिरीवर, कारण तिचं पाणी 'गोडं'!

गोड्या पाण्याची ही ओढ फक्त आपल्याकडची नाही. १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपामुळे पटकी पसरली. जॉन स्नो या डॉक्टरला दूर हॅम्पस्टेडमध्येही एक मृत्यू सापडला. सुझाना इली नावाची एक विधवा. तिला त्या पंपाच्या पाण्याची चव इतकी आवडायची की मुलं रोज बाटली भरून पाठवायची. त्या चवीनेच तिचा घात केला.

मग आली यंत्रं. पुण्यातल्या फ्लॅटवर एक विक्रेता आला होता. नळाच्या पाण्यात विजेच्या सळया बुडवल्या, पाणी तपकिरी. आरओच्या पाण्यात बुडवल्या, काही नाही. बघणारे गार! अहो, क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडाची सळईच झिजते, तो गंज आहे. पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे त्यातून कळत नाही. टीडीएस मीटरचंही तसंच, तो क्षार मोजतो. बोअरचं पाणी खूप क्षारांचं किंवा फ्लोराईडचं असेल तर आरओ हवाच. पण टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, कारण घरगुती यंत्रात एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं. शिवाय आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. ते जारमध्ये भरलं आणि वर कुणी हात बुडवून पेला काढला, की संरक्षण संपलं.

थोडक्यात काय, आपण दर पिढीला डोळ्याने, जिभेने आणि नाकानेच निर्णय घेतला. गढूळ दिसलं, गाळलं. वास आला, टाळलं. मीटरवर आकडा दिसला, विकत घेतलं. जंतू यातल्या कशातच दिसत नाहीत. उलट तो नावडता हलका वास म्हणजेच पाण्याची राखण चालू असल्याची खूण!

आणि मला खरी काळजी वेगळीच वाटते. पूर्वी नळाला खराब पाणी आलं की सगळी गल्ली पालिकेत जाऊन भांडायची. आता ज्यांचा आवाज ऐकला जातो त्यांच्या घरी जार येतो. नळाचं पाणी पितात ते जार न परवडणारे, आणि त्यांच्या बाजूने भांडायला गल्लीत कोणी उरलेलं नाही. जार जरूर घ्या. पण महिन्यातून एकदा नळाच्या पाण्याचा वास घेऊन बघा, आणि पावडरचा वास येत नसेल तर तेव्हा तक्रार करा.