मोडीत न गेलेल्या घंटा

नाशिकला पंचवटीत, गोदेच्या काठी, नारोशंकराचे देऊळ आहे. त्याच्या दर्शनी कमानीवर एक भली थोरली घंटा टांगलेली आहे. महापुराची खूण सांगताना जुने नाशिककर या घंटेपर्यंत पाणी चढल्याच्या गोष्टी सांगतात. देऊळ १७४७ चे, घंटेवरचे साल मात्र १७२१. देवळाहून घंटा सव्वीस वर्षांनी वडील, हे कसे?

उत्तर वसईत आहे. १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या वसईला चिमाजी आप्पांनी १७३९ च्या फेब्रुवारीत वेढा घातला. तटाला सुरुंग लागले, माणसे कापली गेली आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. पोर्तुगीज निघून गेले. त्यांच्या चर्चच्या मनोऱ्यांतल्या घंटा मराठे सरदारांनी आपापल्या मुलखात नेल्या. नारोशंकराची घंटा त्यांतलीच. भीमाशंकरला एक आहे, पुण्याच्या ओंकारेश्वरात एक, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी अजून स्पष्ट दिसते.

विजयाची खूण म्हणून आपण हे सारे अभिमानाने सांगतो. माझे कुतूहल वेगळे आहे. या घंटा वितळवल्या का गेल्या नाहीत?

कारण त्या काळी घंटा म्हणजे तयार दारूगोळाच. लोक या घंटांना पंचधातूच्या म्हणतात. पण युरोपात घंटा ओतायची रीत कास्याची. ढोबळ मानाने चार भाग तांबे, एक भाग कथील. तोफेला कथील निम्मेच लागते, कारण ते जास्त झाले तर धातू ठिसूळ होतो. तेव्हा घंटा वितळवायची, वरून तांबे घालायचे, की तोफेचा धातू तयार. राज्यक्रांतीच्या वेळी फ्रान्समध्ये चर्चच्या घंटांची नाणी आणि तोफा झाल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने युरोपभरातून सुमारे पावणेदोन लाख घंटा उतरवल्या. त्यांतल्या दीड लाखांच्या आसपास परत आल्याच नाहीत.

आपल्याकडेही धातू फुकट जाऊ देण्याची रीत नव्हतीच. गळका हंडा, चेपलेली परात कासाराकडे द्यायची, तो वजन करायचा, घट धरायचा आणि तेवढी किंमत नव्या भांड्यातून वजा करायचा. याला मोड म्हणत. ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोग आपण आज म्हाताऱ्या माणसांबद्दलही वापरतो, तो याच तागडीची आठवण करून देतो. पण मोडीत टाकलेली वस्तू संपत नसे. आजीच्या हंड्याचे तांबे नातसुनेच्या कळशीत असायचे.

यात शास्त्रही आहे. तांबे कितीदाही वितळवले तरी तांबेच राहते. भंगारातून ॲल्युमिनियम काढायला खनिजापासून काढण्याच्या मानाने पाच टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा पुरते. लोखंडाची बचत इतकी नाही, तरी खाण आणि कोळसा दोन्ही वाचतात. म्हणून भंगारवाल्याला नाक मुरडणाऱ्यांचे मला नवल वाटते. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत, गोखिवरे-वालीवच्या बाजूला, यंत्राखालचा कीस आणि पत्र्याची कात्रणे पुन्हा भट्टीकडे धाडणारे लोक खाणीचे काम हलके करतात.

मग घंटा का वाचल्या? मला वाटते, आवाजामुळे. तोफ करायला तज्ज्ञ ओतारी लागतो. घंटा मात्र उतरवली, टांगली, की वाजलीच. धातूचा सर्वांत स्वस्त पुनर्वापर तो हाच, भट्टी न पेटवता झालेला. आणि भट्टी न पेटल्यामुळेच साल टिकले, मेरी टिकली.

कारण भट्टी धातू परत देते, अक्षरे परत देत नाही. वसईच्या उत्तरेला नालासोपाऱ्यात, बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. भोवती कास्याच्या आठ बुद्धमूर्ती. आज ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. हाच ऐवज आधी एखाद्या मोड घेणाऱ्याच्या तागडीत पडला असता, तर काही शेर तांबे आणि काही तोळे सोने, एवढीच त्याची नोंद झाली असती, किंवा तीही नाही.

वसई-विरारमध्ये इमारतींसाठी रोज कुठे ना कुठे पाया खणला जातो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. फावड्याला लागलेले हिरवट तांबे मात्र बहुधा आधी भंगाराच्या दुकानात पोहोचते, आणि तिथे काटा फक्त वजन सांगतो.