मद्याचे कपाट आणि त्याचा कर्ता

फिलिप्पो तोम्माझो मारिनेत्ती हा फ्यूचरिझमचा जाहीरनामा लिहिणारा इटालियन कवी. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाककलेवरील पुस्तकात एक छोटा शब्दकोशही आहे. त्यात ‘कॉकटेल’ला ‘पोलिबिबिता’ आणि ‘बार’ला ‘क्विसिबेवे’, म्हणजे ‘येथे पितात’, असे प्रतिशब्द दिले आहेत. पुढे १९४० साली फॅसिस्ट सरकारने दुकानांच्या पाट्यांवरील परकीय शब्दांवर कायद्यानेच बंदी घातली. तरीही ‘क्विसिबेवे’ रुजला नाही. ‘बार’ मात्र टिकला आणि महायुद्धानंतर मिलानच्या सुखवस्तू दिवाणखान्यांत जाऊन बसला.

या घरगुती बारला इटालियनमध्ये ‘मोबिले बार’ म्हणतात. ‘मोबिले’ म्हणजे फर्निचर. ओस्वाल्दो बोर्सानी (१९११-१९८५) या वास्तुकाराच्या नावावर असे अनेक नमुने आहेत. बंद असताना ते पुस्तकांच्या कपाटाइतके गंभीर दिसते. पल्ले उघडले की आत आरसे, काचेच्या फळ्या आणि बाटल्यांना उजळणारा दिवा. लपवणे आणि मिरवणे ही परस्परविरोधी कामे येथे एकाच बिजागरीवर चालतात. मध्यमवर्गीय सभ्यतेवरचे याहून नेमके भाष्य कादंबरीतही क्वचितच सापडेल.

परंतु या कपाटाचा कर्ता कोण? बोर्सानीचा जन्म मिलानच्या उत्तरेस वारेदो येथे झाला. ब्रिआंत्सा हा तो परिसर फर्निचरच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध. वडील गाएतानो यांचा तेथे कारखाना होता आणि ओस्वाल्दो त्या कारखान्यातच घडला. १९३३ च्या मिलान त्रिएन्नालेत त्याने ‘कासा मिनिमा’, म्हणजे किमान गरजांचे घर, मांडले होते. त्याच हाताने पुढे श्रीमंतांसाठी आरशांची कपाटे रेखाटली. हा विसंवाद त्याच्या एकट्याचा नाही. त्या पिढीतील अनेक आधुनिकतावादी कलावंतांच्या वाट्याला तो आला. शिवाय लुचो फोंतानासारखा शिल्पकार त्याचा सहकारी होता. वारेदोतील बोर्सानी कुटुंबाच्या घरातील सिरॅमिकची शेकोटी फोंतानाचीच. आणि लाकडाचे सांधे अचूक बसवणाऱ्या सुतारांची नावे तर कोठेच कोरलेली नाहीत.

आज लिलावाच्या सूचीत अशा कपाटाखाली ‘बोर्सानी’ किंवा सावधपणे ‘बोर्सानीकृत असावे’ असे छापले जाते, आणि त्या एका नावावर किंमत ठरते. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत कर्तृत्वाचा जो प्रश्न आपण विचारतो, तोच येथेही विचारावा लागतो. नाममुद्रा एकाची असली, तरी संहितेवरून अनेकांचे हात फिरलेले असतात.

१९५३ साली ओस्वाल्दोने जुळा भाऊ फुल्जेन्त्सिओसह ‘तेक्नो’ ही कंपनी स्थापन केली. त्यानंतरची त्याची ‘पी ४०’ ही आरामखुर्ची ४८६ स्थितींत बसवता येते, असे सांगितले जाते. तिची प्रत्येक प्रत सारखी, कारण ती कारखान्याच्या उत्पादनासाठीच आखलेली. तिच्यावर रचनाकाराचे नाव निर्वेधपणे लिहिता येते. कपाटाचे तसे नाही. ते एका घरासाठी, एका भिंतीच्या मापाने घडलेले. त्यात आराखड्याइतकाच हाताचा निर्णय उतरलेला. म्हणून ‘बोर्सानीचे कपाट’ असे म्हणताना ती षष्ठी विभक्ती जरा जपून वापरावी. मारिनेत्तीने दिलेले नाव वस्तूला चिकटले नाही. बोर्सानीचे चिकटले, पण त्याखाली इतर नावे झाकली गेली.