उस्तादांचा तळहात आणि लॅम्डा सेन्सर

1979 साली मी कुर्ल्याच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. उस्ताद आधी इंजिन चांगलं गरम होऊ देत. मग कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत आत घेत आणि आवाज एकसारखा होईपर्यंत सावकाश बाहेर. शेवटी सायलेन्सरमागे तळहात धरून हुंगत. प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला की काम झालं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी.

पण तीच गाडी महाबळेश्वरला गेली की साडेचार हजार फुटांवरच्या विरळ हवेत जड व्हायची, प्लग काळे करून परतायची. स्क्रू कुर्ल्याच्या हवेला लावलेला. घाटात तो फिरवणार कोण?

फिरवणारा तोवर तयार झाला होता, आमच्यापर्यंत पोचला नव्हता एवढंच. जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये वाल्टर नर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिर्कोनियाचा दिवा केला होता. हे सिरॅमिक चांगलं तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनचा धूर असेल, तर दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकाने वीज तयार होते. याच गुणावर बॉश कंपनीने लॅम्डा सेन्सर घडवला. 1976 मध्ये तो व्होल्वोच्या अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांत बसला. कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम तेव्हा सर्वांत कडक होते. ते पाळण्यासाठी लागणारा, धुरातले तिन्ही मुख्य विषारी वायू एकदम मारणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालतो तो एक किलो पेट्रोलला सुमारे 14.7 किलो हवा मिळाली तरच. कुठलाही कान हे प्रमाण रस्ताभर धरून ठेवू शकत नाही.

सेन्सर ते धरतो. पेट्रोल जास्त झालं की सुमारे 0.9 व्होल्ट, कमी पडलं की 0.1. ते बघून गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो, आणि ही दुरुस्ती न थांबता चालू राहते. महाबळेश्वरचा प्रश्न तिथेच संपला.

शिशाच्या पेट्रोलने मात्र सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही मरतात. आपल्याकडे 1995 मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं, 2000 मध्ये देशभर. त्याच सुमारास पद्मिनी बंद झाली. 2020 च्या बीएस-6 धूर-नियमांनंतर तर मोटारसायकलींच्या सायलेन्सरलाही सेन्सर दिसू लागला.

2003 च्या सुमारास एक गाडी मायलेज पडलं म्हणून माझ्याकडे आली. पेट्रोल कमी पडतंय, असं स्कॅनर सांगत होता. मी सेन्सर बदलला. आठ दिवसांत गाडी परत! दोष मॅनिफोल्डच्या फाटक्या पॅकिंगचा होता. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाई, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसे आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राही. सेन्सर खरंच सांगत होता; हवा कुठून आली हे शोधणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. त्या गिऱ्हाइकाचे पैसे मी परत केले.

तुमच्या गाडीची चेक लाईट लागली, तर सेन्सर बदलायला हो म्हणण्याआधी मिस्त्रीला पॅकिंग आणि वायरिंग तुमच्यासमोर तपासायला सांगा.