पाण्याला वाट देणारी घरं

खांबांवरचं लाकडी घर म्हटलं की आपल्याकडे अनेकांना ते मागासलेपणाचं लक्षण वाटतं. वर्गात आसामचा विषय निघाला की मुलांचाही हाच समज मला दिसतो. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

ब्रह्मपुत्रेकाठचा मिसिंग समाज बांबू-लाकडाचं ‘चांग घर’ बांधतो. मागच्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ते पाहून घराची तळजमीन किती उंच घ्यायची हे ठरतं. पूर आला की पाणी घराखालून निघून जातं. एरवी खाली वारा खेळतो आणि लाकूड ओलीपासून वाचतं.

मलेशियातल्या केलांतानची कांपुंग लाउत मशीदही अशीच खांबांवरची, लाकडी. देशातल्या सर्वांत जुन्या मशिदींमध्ये तिची गणना होते. १९६०च्या दशकात पुराने तिचं नुकसान झालं, तेव्हा ती सुटी करून निलम पुरी इथे नेऊन पुन्हा उभी केली गेली. सिमेंटच्या इमारतीचं असं करता येईल का?

सातारा-सांगलीत खांबांवरची घरं नव्हती, पण ओलीची जाण होती. वाड्याला दगडी जोतं असे आणि सागवानी खांब थेट मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा राही. ओल आणि वाळवी लाकडापर्यंत सहज पोचू नये, हा त्यामागचा विचार.

महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस कराडला एकत्र येतो, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ साली पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. त्यापुढे कुठलं जोतं टिकणार?

त्यानंतर उंच बांधायची भाषा सुरू झाली, ती योग्यच. पण उंची दोन प्रकारे मिळते. भराव टाकला तर आपलं घर वाचतं, पण अडलेलं पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं. खांबांवर बांधलं तर पाण्याला वाट राहते. आज फ्लॅटखाली खांबांवर मोकळी सोडलेली पार्किंगची जागा हे त्याच जुन्या कल्पनेचं नवं रूप आहे. पण त्याच जागेत पुढे भिंती घालून दुकानं काढली, तर पाण्याची वाट पुन्हा बंद होते.

नदीकाठी घर बांधणाऱ्याने म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत. मागचं पाणी कुठवर आलं होतं? आणि पुढचं पाणी जाणार कुठून?