वजनाचा काटा

आमची गोराई खाडीपलीकडची. इथून कर्करोगाचा रुग्ण परळला न्यायचा तर सहसा आधी लाँच, मग बोरिवलीहून लोकल. पोचेपर्यंत माणूस गळून जातो. तो रोगाने गळाला की उपासाने, हे मात्र कुणी विचारत नाही. कारण घरात कुणीतरी सांगितलेलं असतं : मासे बंद, अंडी बंद, खाऊ घातलं की गाठच पोसते! ज्या गावाच्या अंगणात मासळी सुकते, तिथे आजाऱ्याच्या ताटात निवळ पेज. मी डॉक्टर नव्हे, बी.ए. झालेला कवी. पण इतिहास या समजुतीच्या अगदी उलट बोलतो.

1936 साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या स्टडली या शल्यविशारदाने पोटाच्या अल्सरची शस्त्रक्रिया झालेल्या 46 जणांच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेआधी ज्यांचं वजन पाचव्या हिश्शाहून जास्त घटलं होतं, त्यांतले एक तृतीयांश दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण साडेतीन टक्के. तो कर्करोग नव्हता, पण काट्याला पुढचं कळतं हे आकड्यांत उमटलं.

पाच वर्षांनी, 28 फेब्रुवारी 1941 रोजी, परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने ते उभारलं. रुग्णालयात चाकू, रेडियम, क्ष-किरण. जेवणाची काळजी पुष्कळशी फाटकाबाहेर : दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा, अन्नदान करणारे हात. त्याला आपण पुण्य म्हणालो, उपचार म्हणालो नाही.

1980 मध्ये अमेरिकेतच 3,047 कर्करुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधं सुरू होण्याआधीच ज्यांचं वजन उतरलं होतं, ते बहुतेक प्रकारच्या कर्करोगांत कमी जगले. जठराच्या आणि स्वादुपिंडाच्या रुग्णांत तर पाचांतल्या चारांहून अधिक जणांचं वजन आधीच घटलेलं होतं.

म्हणजे पोटभर वाढलं की झालं, असंही नाही. गाठ शरीराची भूक मारते, स्नायू झिजवते. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन गेलं तर ती झीज समजावी, असं 2011 मध्ये तज्ज्ञांनी ठरवलं. ही झीज नुसत्या आहाराने पूर्ण भरून येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून तर वेळीच लक्ष हवं. आपल्याकडे तंबाखूपायी तोंडाचे कर्करोग फार. किरणोपचारात घास गिळवत नाही, मग नाकातून नळी येते. घरच्यांना ती नळी म्हणजे शेवट वाटतो. खरं तर ती जेवणाची वाट असते.

पहिल्या भेटीत डॉक्टर विचारतात, ‘‘सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं?’’ आमच्याकडे मासळी तोलायचा काटा असतो, माणसाचा नसतो. अशा वेळी पट्ट्याला पाडलेलं नवं भोक किंवा मनगटावरून निसटणारी बांगडी दाखवावी. डॉक्टरांना त्यातूनही पुष्कळ कळतं.